कोठाराला कुलूप, कामगार उघड्यावर

१३ जून २०२४ रोजी नागपूरजवळच्या धामणा येथे सुरुंगाच्या वाती बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. मेलेल्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या; काही जणी तर विशीच्या आसपासच्या. त्याच्या सहा महिने आधी, १७ डिसेंबर २०२३ रोजी, बाजारगावच्या कारखान्यात खाणींसाठी लागणाऱ्या बूस्टरच्या बांधणी विभागात स्फोट होऊन ९ कामगार ठार झाले होते. त्यांपैकी ६ स्त्रिया होत्या. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत स्फोटाने छप्पर कोसळून ८ कामगार गेले. जेमतेम तेरा महिन्यांच्या अवधीत विदर्भाच्या दोन शेजारी जिल्ह्यांत घडलेल्या या तीन घटना आहेत. प्रत्येक वेळी मंत्री आले, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशीची घोषणा झाली, आणि प्रवेशद्वाराबाहेर रात्रभर बसून राहिलेल्या नातेवाइकांना मृतदेहांची ओळख पटविण्यासाठी बोलावण्यात आले.

या भागात स्फोटकांचे कारखाने का वाढले हे समजणे अवघड नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड येथील कोळशाच्या खुल्या खाणी, मध्य प्रदेश व छत्तीसगडचा खाणपट्टा, देशाच्या मध्यावरचे ठिकाण, आणि शेतीवर भागत नाही म्हणून दिवसाच्या रोजावर मिळेल ते काम पत्करणारी आसपासची गावे. पण आणखी एक गोष्ट याच नागपुरात आहे. देशातील स्फोटके आणि ज्वालाग्राही पदार्थ यांच्या निर्मितीपासून वाहतुकीपर्यंत सर्व व्यवहारांवर देखरेख ठेवणारी जी केंद्रीय यंत्रणा, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, तिचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. मुख्य विस्फोटक नियंत्रक तेथे बसतात. दिव्याखाली अंधार असतो ही म्हण खरी करण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण सापडले नसते.

परंतु एवढे म्हणून थांबणे म्हणजे दोष एका कार्यालयाच्या माथी मारून मोकळे होणे होय. या देशात स्फोटकांवर नियंत्रण नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. कायदा १८८४ पासून आहे. खाते १८९८ पासून आहे. परवाने आहेत, नमुने आहेत, नोंदवह्या आहेत, दोन इमारतींत किती मीटर अंतर असावे याची कोष्टके आहेत. कोठारातून जिलेटिनची एक पेटी बाहेर पडली तर ती कोणाकडून कोणाकडे गेली हे लिहावे लागते. तेव्हा प्रश्न नियंत्रणाच्या अभावाचा नाही. हे नियंत्रण कशाच्या भीतीपोटी जन्मले आणि कोणाला राखण्यासाठी वाढले, हा आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २ ऑक्टोबर १८७४ रोजी पहाटे लंडनच्या रीजंट कालव्यातून बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम एकत्र वाहून नेणारी एक नौका पुलाखालीच उडाली. नौकेवरचे तिघे मेले. पूल उद्ध्वस्त झाला आणि आसपासच्या श्रीमंत वस्तीतील घरांची तावदाने फुटली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्फोटकांचा व्यापक कायदा झाला. दारूच्या कारखान्यांत माणसे त्यापूर्वीही मरत होती. पण तावदाने फुटल्याखेरीज कायद्याला वेग येत नाही, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. तरीही त्या कायद्याचे श्रेय नाकारता येणार नाही. व्हिव्हियन माजेंडी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तो घडविण्यात मोठा वाटा उचलला आणि पुढे मुख्य निरीक्षक म्हणून तो राबविला. निरीक्षकाचा वार्षिक अहवाल पार्लमेंटपुढे जाई, त्यात अपघातांची कारणे छापली जात, आणि कारखान्यांतील मृत्यूंचे प्रमाण घटले. स्फोटकांच्या कामात माणसे मरावयाचीच, असे म्हणणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीचा हा इतिहास पाहावा.

हा कायदा हिंदुस्थानात आला तो १८८४ साली, आणि अमलात आला १८८७ साली. परवान्याची चौकट इंग्लंडची होती. परंतु जाब विचारणारे पार्लमेंट येथे नव्हते आणि मते देणारा कामगारही नव्हता. परकीय सरकारला येथे दारूगोळ्याचा हिशेब हवा होता, तो कोणाच्या हाती पडतो हे समजावे म्हणून. याचा पुरावा २४ वर्षांनी मिळाला. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि ८ जून १९०८ रोजी एकाच दिवशी दोन कायदे मंजूर झाले: एक स्फोटक पदार्थांसंबंधीचा, दुसरा वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा. दुसऱ्याच दिवशीच्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा लेख आला आणि टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात तो पुराव्यादाखल उभा राहिला. सहा वर्षांच्या शिक्षेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले, हे वाचकांना सांगावयास नको. सांगावयाचे आहे ते इतकेच की, तो १९०८ चा कायदा आजही लागू आहे, आणि आपल्या स्फोटकविषयक कायद्यांचा मूळ स्वभाव तेव्हा ठरला तो पुढे फारसा बदलला नाही. पदार्थावर पहारा, राज्याचा बचाव. माणूस त्यात आलाच तर संशयित म्हणून.

स्वराज्य आल्यावर हा स्वभाव पालटावयास हवा होता. पण जुलै २०११ मध्ये काय घडले पाहा. खतांत आणि खाणींत वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे गोण्यांतून मोकळेपणी फिरत होते. १३ जुलैला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस व दादर येथे बॉम्बस्फोट झाले, आणि त्याच महिन्यात ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणे स्फोटक म्हणून घोषित झाली; पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र नियम आले. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूत बंदरातील २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडून दोनशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा चेन्नईजवळच्या गोदामात जप्तीचे सुमारे ७०० टन तेच रसायन पाच वर्षे पडून असल्याची आठवण झाली आणि ते काही दिवसांत हैदराबादला हलविले गेले. ही दोन्ही कृत्ये योग्यच होती. परंतु त्यांवरून एक गोष्ट सिद्ध होते. राज्यकर्त्यांना भीती वाटली की शासनयंत्रणेचे हात झपाट्याने चालतात. धामण्याच्या मुलींच्या मरणाने ती भीती वाटत नाही, कारण त्या मरणाची ठिणगी कुंपणाबाहेर उडत नाही.

ती उडाली तर काय होते हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया गोदीला लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच्याच जोडीला कराचीत चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरू नये हे समजावयास रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. कप्तानाने तशी हरकत घेतलीही होती. स्फोटकांचे जहाज गोदीत न आणता बाहेर खोल पाण्यात रिकामे करावे, ही शांततेच्या काळातील रीत होती. स्फोटके असल्याचे दर्शविणारे लाल निशाण लावावे, असाही प्रघात होता. युद्धाच्या निकडीने दोन्ही बाजूला सारले गेले. दुपारी धूर दिसला. आग विझविणारे जवान आणि गोदीतले कामगार जहाजाभोवती होते. आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे त्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले, आणि १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

त्या जहाजावर सोन्याच्या लगडीही होत्या. स्फोटाबरोबर त्या शहरभर उडाल्या. एक लगड मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्याने ती सरकारजमा केली. पुढची कित्येक वर्षे गोदीच्या गाळातून सोने निघत राहिले आणि त्याची नोंद होत राहिली. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र आजही कोणी आठशेच्या घरात सांगतो, कोणी तेराशे. रोजंदारीवरचे हमाल, फुटपाथवर झोपणारे, कोणत्याच हजेरीपटावर नसलेले लोक मोजावयाचे कसे? लगडींना क्रमांक होते.

कोठारातील पेटी मोजावयाची आणि माणूस मोजावयाचा नाही, ही पद्धत आजच्या कारखान्यांतही टिकून आहे, हे समजण्यासाठी स्फोटकांच्या कारखान्याची रचना पाहावी लागेल. तो एका मोठ्या छपराखाली नसतो. लहान लहान खोल्या एकमेकींपासून दूर बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात, छप्पर हलके ठेवतात, जेणेकरून एका खोलीतील स्फोट दुसरीपर्यंत पोहोचू नये. ठिणगी पडू नये म्हणून लोखंडाऐवजी पितळेची वा लाकडाची अवजारे वापरतात. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांतून स्थिर विद्युत निर्माण होते, म्हणून सुती कपडे. आणि प्रत्येक खोलीसाठी दोन आकडे ठरविलेले असतात: एका वेळी किती किलो माल ठेवावा, आणि किती माणसांनी काम करावे. या दुसऱ्या आकड्यामागचे तर्कशास्त्र कठोर आहे. स्फोट झालाच तर चारच मरावेत, चौदा नव्हेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे कायद्याने मृत्यू गृहीत धरून त्याची मर्यादा आखली आहे. हे कठोर असले तरी शहाणपणाचे आहे, आणि तो आकडा पाळला गेला तर असंख्य जीव वाचतील. म्हणून जेथे एका खोलीत नऊ माणसे मरतात तेथे पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, त्या खोलीचा मंजूर आकडा किती होता, आणि त्या दिवशी त्या पाळीत किती जण आत होते? हा प्रश्न सभागृहात विचारला जात नाही. वृत्तपत्रांतून फक्त मदतीची रक्कम छापली जाते.

हा आकडा कोण मोडतो? मालक म्हणेल, कामगार निष्काळजी असतात. कामगार निष्काळजी का होतो ते शिवकाशीत पाहावे. तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यात देशातील बहुतेक फटाके बनतात. सप्टेंबर २०१२ मध्ये मुदलीपट्टी येथे सुमारे ४० माणसे मेली. त्यांत मदतीला धावलेले आणि पाहावयास आलेले लोकही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अच्चनकुळम येथे वीसहून अधिक मेले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट उघड झाली: परवाना एकाच्या नावावर आणि खोल्या पोटभाड्याने अनेकांच्या ताब्यात. कुळाने जमीन कसावी तशी मृत्यूची खोली खंडाने घ्यावयाची आणि दिवाळीपूर्वी जेवढा माल निघेल तेवढा काढावयाचा. मजुरी नगावर. ज्याला नगावर मजुरी मिळते त्याला सावकाश काम करा, दोन हप्त्यांत माल आणा, मिश्रण हलक्या हाताने घोटा असे सांगणे म्हणजे निम्मी मजुरी सोड असे सांगणे होय. स्फोटकांच्या कामात घाई हाच सर्वात मोठा ज्वालाग्राही पदार्थ आहे, आणि त्याच्यावर कोणत्याही नियमावलीत परवाना लागत नाही.

कंत्राटी पद्धतीने हीच घाई वेगळ्या वाटेने येते. कायम कामगाराला दहा वर्षांत पदार्थाचा स्वभाव कळतो; वास, उष्णता, यंत्राचा बदललेला आवाज यांवरून तो मागे सरतो. तीन महिन्यांपूर्वी ठेकेदाराने आणलेल्या मुलीला तो कळावा कसा? शिवाय मागे सरली तर उद्या तिची हजेरी लागणार नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने बारमाही कामात ही पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो अधिकार कागदावर राहिला आणि बारमाही धोक्याच्या कामात बारमाही कंत्राटदार आला.

मग निरीक्षक कोठे असतो? कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी खरे तर दोन निरीक्षक येतात. एक नागपूरच्या केंद्रीय संघटनेचा. तो परवाना, कोठार, अंतरे आणि साठा पाहतो. दुसरा राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा. तो यंत्रे आणि कामाच्या अटी पाहतो. अपघातानंतर दोघांचेही अहवाल वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या सरकारांकडे जातात. त्यातही पहिल्या संघटनेचे घर कोणते? ती वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली येते. ज्या विभागाचे काम उद्योगांना उत्तेजन देणे, त्याच विभागाखाली. उत्पादन वाढवा म्हणणारा आणि उत्पादन थांबवा म्हणणारा एकाच मंत्र्याला जबाबदार असेल तर मंत्री कोणाचे ऐकेल? अणुऊर्जेपासून नागरी विमानवाहतुकीपर्यंत हाच वाद आहे, पण निदान तेथे तो वाद होतो.

दुसऱ्या निरीक्षकाची स्थिती याहून केविलवाणी केली गेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा इतिहासजमा झाला. निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुविधाकार’ हा शब्द जोडला गेला. शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. पोलिसाला उद्यापासून ‘चोरांचा मार्गदर्शक’ म्हटले तर घरमालकाला झोप येईल काय? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला होता. नव्या संहितेतही तो आहे. परंतु तो सांगण्याचा हक्क आहे, निघून जाण्याचा नव्हे. धोका आहे हे मालकाला पटले तर तो उपाय करील. न पटले तर निरीक्षकाकडे विचारणा करील. आणि तोवर ती मुलगी खोलीतच असेल. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८१ साली, आपल्या १५५ क्रमांकाच्या करारात, जिवाला तातडीचा व गंभीर धोका दिसताच कामावरून दूर होणाऱ्या कामगाराला संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. दारूच्या खोलीत याखेरीज दुसरा कोणताही सुरक्षा नियम वेळेवर पोहोचू शकत नाही.

आणि कायदा मोडल्याची किंमत? १८८४ च्या कायद्यात १९७८ साली दुरुस्ती होऊन जे दंड ठरले त्यानुसार नियम मोडून स्फोटके बनविल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाळगणे, विकणे, वाहून नेणे यासाठी दंडाची कमाल मर्यादा ३,०००. त्या ‘किंवा’त सगळे सामावले आहे. ज्या कारखान्याचा माल मालगाड्या भरून खाणींकडे जातो त्याला पाच हजार रुपये म्हणजे एका दिवसाचा चहाचा खर्च. २०२४ मध्ये केंद्र सरकारने नव्या विधेयकाचा मसुदा चर्चेसाठी ठेवला आणि त्यात दंड लाखाच्या घरात नेण्याचा विचार पुढे आला. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु दंड कितीही वाढविला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. कामगाराच्या हाती त्यामुळे एकही साधन येत नाही, आणि विधेयकाची कसोटी तेथेच लावावयास हवी.

‘इन्स्पेक्टर राज’ची ओरड या टप्प्यावर हमखास ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही, हे मान्य केले पाहिजे. निरीक्षकाच्या पाकिटाची कहाणी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर ऐकावयास मिळते आणि ती सांगणारे सगळेच मालक नसतात. पण पाकीट का चालते? तपासणी दोघांत होते म्हणून: निरीक्षक आणि मालक. तिसरा, ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो, तेव्हा खोलीत हात चालवीत असतो. तपासणीच्या वेळी कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी निरीक्षकाबरोबर फिरला, शेऱ्याची प्रत त्याला मिळाली आणि ती मराठीत फलकावर लागली, तर लाच घेणे अशक्य होईल असे नव्हे, पण महाग निश्चित होईल. मालकवर्गाची सूचना मात्र उलट आहे. निरीक्षक लाच घेतो ना, मग निरीक्षकच नको! तपासणी संगणकाने ठरवावी, प्रमाणपत्र खाजगी लेखापरीक्षकाने द्यावे. त्या परीक्षकाचे शुल्क कोण देणार, हे विचारण्याची गरज नाही.

येथे खाजगी मालकीवर सारा दोष ढकलून समाजवादी मंडळींना समाधान मानता येणार नाही. जवाहरनगरची आयुधनिर्माणी सरकारी आहे. २०२१ साली तिचे महामंडळाच्या धर्तीवर कंपनीत रूपांतर झाले ही गोष्ट वेगळी. पण सरकारी मालकीच्या काळातही दारूगोळ्याच्या ठिकाणी माणसे मेली. ३१ मे २०१६ च्या पुलगाव आगारातील आगीत गेलेल्यांत आग विझविणारेच अधिक होते. स्फोटकांच्या कायद्याचे चौदावे कलम सैन्यदलांना व त्यांच्या आयुधनिर्माण्यांना परवान्याच्या तरतुदींतून वगळते. सरकार स्वतःलाच परवाना कशाला देईल, हा त्यामागचा तर्क समजण्याजोगा आहे. मात्र परवाना नाही म्हणजे बाहेरचा डोळाही नाही, असा त्याचा परिणाम होतो, आणि चौकशी झालीच तर ती संरक्षणाच्या गुप्ततेखाली झाकली जाते. कामगाराच्या भाजलेल्या कातडीत गुप्त काय असते?

गावपातळीवरील चित्र निराळे आणि अधिक सैल आहे. विहिरीला बार लावणारा, खडी फोडणारा, रस्त्याच्या घाटात सुरुंग भरणारा माणूस हा या साखळीचे शेवटचे टोक. १२ सप्टेंबर २०१५ रोजी मध्य प्रदेशातील पेटलावद येथे भर वस्तीत, उपाहारगृहाशेजारच्या खोलीत साठविलेल्या जिलेटिनच्या कांड्या उडाल्या आणि ७८ हून अधिक माणसे मेली. साठा करणाऱ्याकडे स्फोटकांच्या व्यापाराचा परवाना होता. विहिरी आणि खाणी यांच्या नावाने माल उचलावयाचा आणि तो कोठारापर्यंत जाण्याऐवजी सोयीच्या खोलीत ठेवावयाचा, हे गावाला ठाऊक असते, तलाठ्याला ठाऊक असते, पोलीस पाटलाला ठाऊक असते. डोंबिवलीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यातील स्फोटांनी रासायनिक कारखान्यांशेजारच्या वस्त्या हादरल्या तेव्हाही रहिवाशांना आपल्या भिंतीपलीकडे कोणते रसायन किती आहे हे सांगणारे कोणी नव्हते. दोन्हीकडे माहिती होती. ती ज्याच्या घरावर छप्पर कोसळावयाचे त्याच्यापर्यंत पोहोचली नाही.

आता चळवळीविषयी. आयुधनिर्माण्यांत कामगार संघटना आहेत आणि त्यांनी लढे दिले आहेत. पण बाजारगाव-धामण्याच्या ठेकेदारी मुलींपर्यंत कोण पोहोचले? त्या खेड्यांतून कंपनीच्या बसने येतात, आठ तास बांधणी करतात आणि परत जातात. त्यांची सभासद नोंदणी कठीण आहे, वर्गणी थोडी आहे, आणि संघटना बांधणाऱ्याला ठेकेदाराच्या गुंडांशी गाठ आहे. म्हणून अपघाताच्या दिवशी निषेधाचे पत्रक निघते आणि तेराव्यानंतर कार्यकर्ता फिरकत नाही. नातेवाइकांना नुकसानभरपाईचा दावा कोठे लावावा हे सांगणारा एक वकील देखील पुष्कळदा मिळत नाही. हे बोलणे कटू आहे, परंतु सरकारला जाब विचारणाऱ्याने स्वतःच्या हजेरीपटाकडेही पाहावे.

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक खोलीच्या दारावर मंजूर माणसांचा आणि मालाचा आकडा मराठीत, ठळक अक्षरांत असावा आणि तो ओलांडला तर काम थांबविण्याचा हक्क आत असलेल्यांना असावा. स्फोटके हाताळण्याच्या कामात नगावरची मजुरी आणि कंत्राटी नेमणूक दोन्ही बंद व्हावीत. अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठराविक मुदतीत विधिमंडळापुढे ठेवला जावा. लंडनमध्ये १८७५ साली जे शक्य होते ते मुंबईत व नागपुरात आज अशक्य का असावे? आणि सुरक्षेची यंत्रणा उद्योगमंत्र्याच्या हाताखालून काढून श्रमिकांच्या प्रतिनिधींसह स्वतंत्र केली जावी. नव्या विधेयकावरच्या चर्चेत या गोष्टी आणण्याचे काम खासदारांचे आहे.

तोवर कार्यकर्त्यांच्या हाती एक जुने कलम आहे. कोठार वा कारखाना उभा राहण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तो देण्यापूर्वी त्याने जागेची, अर्जदाराची व सार्वजनिक हिताची चौकशी करावयाची असते. ही चौकशी बहुधा तहसीलच्या टेबलावर संपते, कारण हरकत घ्यावयास कोणी येत नाही. काटोल, हिंगणा, उमरेड तालुक्यांतील ग्रामसभांनी त्या चौकशीची तारीख, नकाशा आणि खोलीगणिक माणसांचा आकडा लेखी मागावा, आणि ज्यांच्या मुली त्या बसमध्ये चढतात त्या घरांतील माणसांना बरोबर घेऊन सुनावणीला जावे.